होडीमागे एक वर्तुळ

दुपारच्या बोटीनं भिक्षू परत गेले, तेव्हा कुठे सगळ्यांनी दुमडलेले गुडघे मोकळे केले. सकाळी इवाओच्या अस्थी टेकडीवरच्या दगडाखाली ठेवून झाल्या होत्या. एकोणपन्नास दिवस खोलीच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडात बांधून ठेवलेला तो चौकोनी डबा आता तिथे नव्हता. मिसाओची नजर मात्र सारखी त्या कोपऱ्याकडे जात होती. डबा होता तोवर बाबा घरात आहेत असं आपण धरून चाललो होतो, हे तिला आज कळत होतं.

"पाय गेले माझे," तोमी आत्या पोटऱ्या चोळत म्हणाली. "इवाओ दहा मिनिटांच्या वर असा कधी बसला नाही. आमच्या वडिलांच्या एकोणपन्नासाव्याला मधेच उठून होडी बघायला गेला होता."

"वारा फिरला होता," सेइगोकाका म्हणाले. ते इवाओचे धाकटे भाऊ. सकाळपासून हेच त्यांचं पहिलं वाक्य होतं.

"तुम्हा दोघांचा वारा नेमका मंत्र सुरू झाले की फिरायचा."

आईनं उदोनच्या जाड शेवयांचे वाडगे आणून ठेवले. उडत्या माशांच्या रश्श्याचा वास खोलीभर पसरला. आजच्या दिवशी मासा नको असं तोमी आत्या म्हणेल, ही भीती आईच्या चेहऱ्यावर होती. पण आत्यानं वाडगा नुसता जवळ ओढला.

खाणं अर्ध्यावर असताना मिसाओच्या धाकट्या भावानं, तामोत्सुनं, तो कागद आणला आणि वाडग्यांच्या मधे पसरला. "हे चार वाजेपर्यंत द्यायचं आहे," तो म्हणाला. "कारकून हामासे संध्याकाळच्या बोटीनं फुकुएच्या कचेरीत घेऊन जाणार आहे."

कागद सगळ्यांच्या ओळखीचा होता. बेटावरच्या सव्वीस होड्यांना मच्छीमार सोसायटीनं असे सव्वीस कागद वाटले होते. बेटाच्या पूर्वेचा समुद्र, त्यावर आठ काळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या निघालेल्या तीन रेघा. ठिपके म्हणजे येत्या वर्षी ओढून आणायच्या आठ पवनचक्क्या, रेघा म्हणजे त्यांना धरून ठेवणारे साखळदंड. पहिली चक्की दहा वर्षांपूर्वीच येऊन उभी होती. निम्मी पाण्यावर, निम्मी पाण्याखाली, वादळात मान तुकवून पुन्हा ताठ होणारी. बेटावर तिला कुणी पवनचक्की म्हणत नसे. सगळे नुसतं 'तरंगती' म्हणत. गेली नऊ वर्षं मिसाओ तिच्या देखभालीचं काम करत होती. आठवड्यातून दोनदा शिडीनं वर चढायची, बोल्ट तपासायची, वंगण भरायची.

नियम सोपा होता. होडीमागे एक वर्तुळ. ज्याला आपली मासेमारीची जागा वाचवायची असेल त्यानं ती नकाशावर दाखवायची. तिथे साखळदंडाचा नांगर येत असेल तर पवनचक्क्यांची कंपनी तो तीनशे मीटरपर्यंत सरकवेल. न दाखवलेल्या जागेचं कंपनी काही करू शकत नाही.

गेल्या वर्षीही असेच कागद वाटले होते. सव्वीसच्या सव्वीस कोरे परत आले. कारण नकाशावर वर्तुळ काढायचं म्हणजे बापानं मुलाच्याही कानात सहज न सांगितलेली गोष्ट सोसायटीच्या भिंतीवर टांगायची. कंपनीच्या साहेबानं मात्र अहवालात लिहिलं, की या भागात मासेमारीच्या उल्लेखनीय जागा नाहीत. तो खूश होता. "कोरे म्हणजे काही नाही असं नसतं," असं मिसाओनं त्याला सांगून पाहिलं होतं. "मग काय आहे तिथे?" त्यानं अगदी मनापासून विचारलं होतं. ती गप्प बसली. खरं उत्तर द्यायचं तर एक जागा सांगावी लागली असती.

त्या सव्वीस कोऱ्या कागदांत एक तिच्या बाबांचा होता. आणि सहाव्या ठिपक्याची पश्चिमेकडची रेघ जिथे संपत होती, नेमका तिथेच पाण्याखाली बाबांचा खडक होता. घरात हे तिच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

"दे इकडे," सेइगोकाका म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं. "दादाची जागा मला माहीत आहे."

तोमी आत्याच्या खायच्या काड्या वाडग्यातच थांबल्या. "तुला सांगितली त्यानं?"

"माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. धक्क्यावर बसलो होतो. म्हणाला, तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही." काका कागदावर वाकले. "होडीतून बघत बंद शाळेचं धुराडं दीपस्तंभाच्या बरोब्बर मागे घ्यायचं. मग दक्षिणेला दोन खडकांमधली फट उघडायला लागते तिथे थांबायचं. एकतीस वर्षं झाली. मी कुणाजवळ बोललो नाही. तामोत्सुला गेल्या आठवड्यात सांगितलं, कारण होडी आता त्याची आहे."

त्यांनी वर्तुळ काढलं. शाईचं, गोल, नाण्याएवढं वर्तुळ.

मिसाओनं ते पाहिलं आणि तिला बाबांची होडी आठवली. ती दहा वर्षांची असेल. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसलेली, हातात गळाची दोरी. बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले होते, कुणी विचारलं तर शाळेचं धुराडं सांगायचं. तिथे नुसती रेती आहे, सांगितल्यानं कुणाचं बिघडत नाही. ते 'कुणी' म्हणजे पलीकडच्या गावचे लोक, असं ती आजवर समजून होती.

"बरं झालं," तोमी आत्या म्हणाली. "निदान भावाला तरी सांगून गेला. मला वाटलं होतं तोंड शिवूनच गेला."

"आत्याला सांगितलं असतं तर शिवायला लागलंच नसतं, सगळ्या बेटाला कळलं असतं," तामोत्सु म्हणाला. सगळे थोडेसे हसले. काकाही.

*

स्वयंपाकघरात आई वाडगे विसळत होती. मिसाओनं फडकं घेतलं.

"ती जागा नाही ना ती," आई तिच्याकडे पाठ करूनच म्हणाली.

मिसाओ पुसत राहिली.

"सेइगोभावजींनी वर्तुळ काढलं तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते." आईनं नळ बंद केला. "त्रेचाळीस वर्षं मी त्या माणसाचे मासे साफ केले. हेकरू माशाच्या पोटात काय निघतं त्यावरून मला कळायचं, आज तिथे जाऊन आलाय. पण तिथे म्हणजे कुठे, ते कधी नाही कळलं. होडीतल्या देवीला बायका चालत नाहीत म्हणे. तू लहान होतीस म्हणून तुला नेलं. पंधराची झालीस तेव्हा तूही बाई झालीस."

"त्यांनी मला काही कारण सांगितलं नव्हतं. एक दिवस उठले आणि एकटेच गेले."

"खिडकीत बसून रडली होतीस. दोन दिवस." आई हात पुसत वळली. "आता ऐक. राहू दे. भावजींचं वर्तुळ आहे तसं जाऊ दे. त्याच्या खडकावर साखळदंड पडेल तर पडू दे. त्यानं जे माझ्यापासून झाकून ठेवलं, ते त्याच्याबरोबर झाकलं जाऊ दे. सोसायटीच्या भिंतीवर सगळ्यांच्या आधी बेटावरच्या पोरांनी ते बघावं आणि मी त्यांच्या मागे उभं राहून बघावं, हे नको मला."

मिसाओला आईचं म्हणणं समजलं. खरं तर सकाळपासून तिचं स्वतःचं मनही तेच म्हणत होतं, फक्त वेगळ्या कारणानं. तरंगतीवर सत्तर मीटर उंचीवर गेलं, की दार उघडून ती आधी पश्चिमेकडे बघायची. स्वच्छ दिवशी प्रवाह खडकावरून वर चढतो तिथे पाण्यावर सुरकुती दिसते. तेवीस वर्षांत ती तिथे गेली नव्हती, पण नऊ वर्षं ती वरून बघत होती. कधी त्या सुरकुतीवर बाबांची होडी असायची, तांदळाच्या दाण्याएवढी. ते वर बघायचे नाहीत. नुसता एक हात उचलायचे, डोक्यावरची माशी उडवावी तसा. ही पवनचक्की येऊ द्यायची की नाही यावर सोसायटीत मतदान झालं, तेव्हा त्यांनी तोच हात उचलला होता. सेइगोकाकांनी उचलला नव्हता. ओसाकातून मुलगी परत यावी एवढ्यासाठी त्यानं समुद्र दिला, असं लोक म्हणाले. बाबांनी ते कधी नाकारलं नाही, आणि कबूलही केलं नाही.

त्या सुरकुतीचं नाव घेतलं, की ती सगळ्यांची होणार. नाही घेतलं, तर पुढच्या वर्षी तिच्याच कंपनीचा नांगर त्या खडकावर बसणार. बाबांचं असं, फक्त तिला दिलेलं, दुसरं काही तिच्याकडे नव्हतं.

"बघते," ती म्हणाली.

"बघू नकोस. गप्प बस. ते तुला जमतं, त्याच्यासारखंच," आई म्हणाली.

*

साडेतीनला तामोत्सु निघाला. मिसाओ त्याच्याबरोबर चालू लागली. काका आधीच पुढे गेले होते. ते सोसायटीचे उपाध्यक्ष, कागद मोजून द्यायचं काम त्यांचं. धक्क्यावर वाळत घातलेल्या बांगडा मासळीवर एक घार फिरत होती.

"ताई, तुला एक सांगायचं आहे," तामोत्सु म्हणाला. "आईला आज नको सांगूस. मी नव्या वर्षात होडी विकतोय."

ती थांबली.

"माझ्या मेहुण्यानं, चिहोच्या भावानं, फुकुओका शहरात काम बघितलंय. शीतगृहात. पगार बरा आहे." तो कागदाची सुरळी हातात फिरवत होता. "माझ्या हातात नाही ते. काकांनी जागा सांगितली, मी पाच दिवस तिथे गेलो. धुराडं, फट, सगळं दोन-दोनदा जुळवलं. एक हेकरू नाही. पाच दिवसांत तीन बारके चिंगूळ मासे, तेही मांजरानं खाल्ले. काकांना सांगितलं तर म्हणाले, नुसती जागा असून चालत नाही, हात लागतो. म्हणाले, माझाही कधी लागला नाही. एकतीस वर्षं त्याच जागेवर बसलो आणि दादा शेजारून होडी भरून घरी जायचा."

समोर समुद्र सपाट होता. दूर तरंगती सावकाश फिरत होती. मिसाओ तिच्याकडे बघत राहिली आणि तिला सेइगोकाका दिसले: एकतीस हिवाळे, वाळूच्या तळावर गळ सोडून बसलेले, आणि दर संध्याकाळी रिकाम्या टोपलीकडे बघून स्वतःच्या हातांना दोष देणारे. आता त्यांच्या जागी तामोत्सु बसला होता.

"तुझा हात ठीक आहे," ती म्हणाली. "जागा खोटी आहे."

त्याला कळायला वेळ लागला. "काका खोटं बोलले?"

"नाही. बाबा खोटं बोलले. काकांशी."

तामोत्सु धक्क्याच्या कडेवर बसला. "मग खरी तुला माहीत आहे."

"नऊ वर्षांची असल्यापासून."

"तुला." त्यानं तो शब्द नुसता उच्चारला, प्रश्न न करता. "तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर त्या होडीत होतो, ताई. नोकरी सोडून आलो होतो."

"तुझ्याबरोबर कधी तिथे गेले नाहीत?"

"गेले असतील. मला कसं कळणार? मी खाली मान घालून गळाला आमिष लावायचो. ते उभे राहून किनाऱ्याकडे बघायचे. मला वाटायचं, घर बघतायत." तो हसला, पण हसणं नीट झालं नाही. "मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, स्वतः बघून शिकायचं असतं, असं तेच म्हणायचे. मी चुकीच्या बाजूला बघत होतो, एवढंच."

"त्यांना वाटलं असेल, अजून वेळ आहे."

"हो. सगळ्यांनाच वाटतं." तो उठला. "काकांना कोण सांगणार?"

*

सोसायटीच्या खोलीत काका एकटेच होते. कारकून हामासे बोटीवर खोकी चढवायला गेला होता. टेबलावर कागदांची चळत होती आणि काका अंगठा ओला करून ती मोजत होते.

"पंचवीस," ते म्हणाले. "सगळे कोरे. तुमचा एक भरलेला. गाव हसेल आपल्याला."

तामोत्सुनं कागद टेबलावर उलगडला. मिसाओनं टेबलावरची पेन्सिल घेतली आणि मागचं टोक कागदावर ठेवलं, सहाव्या ठिपक्याच्या पश्चिमेला.

"काका, ती इथे आहे."

काकांनी बघितलं. आधी तिच्या पेन्सिलचं टोक, मग आपलं वर्तुळ. त्यांनी मधल्या अंतरावर अंगठा ठेवून पाहिला.

"किती आहे हे?"

"अर्धा मैल. थोडा जास्त."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबा मला न्यायचे."

"आणि धुराडं?"

तिनं पेन्सिल त्यांच्या वर्तुळाकडे नेली. मग म्हणाली, "धुराडं विचारणाऱ्यांसाठी होतं."

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. बाहेर धक्क्यावर कुणीतरी हामासेला बर्फ कमी दिल्याबद्दल शिव्या घालत होतं. ते सगळं संपेपर्यंत काका थांबले.

"मी विचारलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "त्यानं आपणहून सांगितलं. मी रडलो होतो तेव्हा." मग चळत बाजूला सारून ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. सुटला लेकाचा."

"काका," तामोत्सु म्हणाला.

"तू गप्प. तुला पाच दिवस झाले, मला एकतीस वर्षं." त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. "तुझी काकू म्हणायची, जागा बदलून बघा. मी म्हणायचो, मूर्ख बाई, ही दादाची जागा आहे."

मिसाओला वाटलं, आईचं ऐकायला हवं होतं. तिनं पेन्सिल खाली ठेवली. "मी आत्ता तो कागद घेऊन जाते. काहीच देत नाही आम्ही. नांगर पडायचा तर पडू दे."

"बस," काका म्हणाले.

ते नकाशाकडे बघत होते. मिसाओला त्यांचा हा चेहरा माहीत होता; हवा कशी वळेल ते बघताना भावाभावांचा चेहरा सारखाच दिसायचा.

"उद्या फुकुएला हे सगळं एका मोठ्या नकाशावर चढेल," ते हळूहळू म्हणाले. "सोमवारी तो इथे भिंतीवर लागेल. होडीचं नाव, मालकाचं नाव. सगळं गाव येईल आणि आधी काय शोधेल?"

"बाबांचं वर्तुळ," तामोत्सु म्हणाला.

"इवाओचं वर्तुळ. चाळीस वर्षं लोक ते शोधतायत. पुढच्या आठवड्यात त्या रेतीवर वीस होड्या दिसतील. एकमेकांच्या दोऱ्या गुंततील." त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मग महिनाभर म्हणतील, इवाओचा हातच तसा होता."

त्यांनी चळतीतून एक कागद ओढून काढला. कोपऱ्यात त्यांच्या होडीचं नाव होतं. बाकी कोरा. तो त्यांनी मिसाओसमोर सरकवला आणि आपलं पेन त्यावर ठेवलं.

"इथे काढ तुझं."

"तुमच्या नावावर?"

"होडीमागे एकच येतं. त्याच्या कागदावरचं माझं राहू दे. तुझं माझ्या कागदावर. नांगर सरकेल ना?"

"सरकेल. पण काका, तुमचं वर्तुळही लोक बघतील."

"बघतील. आणि?" काका म्हणाले. "सेइगोच्या जागेवर गळ टाकायला कोण येतंय?"

कुणी हसलं नाही. मिसाओनं पेन उचललं. तिला वाटलं होतं, वर्तुळ काढताना काहीतरी तुटेल. पण शाई कागदावर लागली, फिरली, जिथून निघाली तिथे येऊन मिळाली, बस. आपली जागा वाचली, असं मनात म्हणून बघायचा तिनं प्रयत्न केला. 'आपली' हा शब्द आता नीट बसत नव्हता.

काकांनी दोन्ही कागद चळतीत घातले, चळत टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, दोरी बांधली. मग टोपी घेऊन ते दाराकडे निघाले. "तुम्ही दोघं बोला. खुणा तुमच्या घरच्या आहेत. मला वर्तुळ दिसलं, तेवढं पुरे."

"वर्तुळ मोठं आहे, काका. खडक लहान आहे. खुणा नसतील तर वर्षभर फिरलात तरी सापडणार नाही."

"म्हणूनच चाललोय."

त्यांचा हात दाराच्या मुठीवर होता. तामोत्सुनं मिसाओकडे पाहिलं, मग खाली. तो विचारणार नव्हता. तसाच वाढला होता तो. त्याची नजर जमिनीवर होती आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मिसाओनं तोंड उघडलं. या खुणा तिनं आजवर एकदाही मोठ्यानं म्हटल्या नव्हत्या. आवाज तिचा निघाला, पण ठेका तिचा नव्हता. वाऱ्यावर ओरडावं लागू नये म्हणून एकेक शब्द सुटा टाकायची ती पद्धत बाबांची.

"दक्षिणेच्या कड्याकडे बघ. कड्याआडून रताळ्याच्या शेताच्या पायऱ्या दिसायला लागतात. मोजायच्या. चार दिसल्या की थांब. पाचवी दिसली तर पुढे आलास. पाचवीवर आता झाडी वाढलीय, म्हणून हिरवं दिसलं की समज. मग उत्तरेला वळ."

तामोत्सुचे ओठ तिच्यामागून हलत होते.

"उत्तरेला पाण्याची टाकी. टाकीच्या उजव्या कडेवर पलीकडच्या बेटाचं शिखर घ्यायचं. मधोमध नाही, कडेवर. तिथे चाळीस वाव दोरी सोड."

ती श्वास घ्यायला थांबली. काका अजूनही पाठमोरे होते. त्यांनी दाराची मूठ सोडली होती.

"कुठली टाकी," त्यांनी विचारलं, "जुनी की नवी?"